पोलीस आणि फायरमनची पेन्शन: कोकणातल्या घरी बसून आपला आकडा काढायचा कसा

निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली की पोलीस लाइनीत आणि बंबखान्यात एकच विषय चालतो. कुणी म्हणतं निम्मा पगार मिळतो, कुणी म्हणतं त्यातलाही निम्मा कापतात, आणि मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर तिसरंच काही दाखवतो. कॅल्क्युलेटर चुकत नाही. त्यात जे भरलं, त्याचंच उत्तर तो देतो. भरायच्या आकड्यांची खात्री सेवापुस्तकातून, म्हणजे नोकरीच्या सगळ्या नोंदींच्या वहीतून, करायची असते आणि तेच बहुतेकांनी नोकरी लागल्यापासून उघडून पाहिलेलं नसतं. ज्यांनी पेन्शनची फाइल कधी हातात धरली नाही, त्यांच्यासाठी आणि घरातल्या मंडळींसाठी हे क्रमाने लिहितो आहे. वही-पेन घेऊन बसा.

पहिली पायरी: मालक कोण ते ठरवा

पोलिसांचं सोपं आहे. मुख्यालय असो की नाटे, जयगड, विजयदुर्गसारखं सागरी पोलीस ठाणं, नोकरी राज्य शासनाची आणि नियम ‘महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२’ हेच. खाकीसाठी पेन्शनचं वेगळं सूत्र आपल्या राज्यात नाही. परदेशात पोलीस-फायरमनना लवकर निवृत्ती आणि वाढीव दर असतो असे व्हिडिओ फिरतात, त्यांचा इथे काही उपयोग नाही. कर्तव्यावर मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर असाधारण निवृत्तिवेतनाच्या तरतुदी आहेत. तो स्वतंत्र प्रस्ताव असतो, नेहमीच्या हिशेबात तो धरायचा नाही.

फायरमनचं मात्र तसं नाही. कोकणात अग्निशमनाचं एकच एक खातं नाही. रत्नागिरी, चिपळूण, खेड, मालवण इथे बंब नगरपरिषदेचा. पनवेलला महानगरपालिकेचा. लोटे, महाड, तळोजा या वसाहतींत औद्योगिक विकास महामंडळाचा. खासगी कारखान्यांची पथकं वेगळी, आणि नगरपालिकांत ठेकेदारामार्फत लागलेली मुलं त्याहून वेगळी. एकाच आगीवर एकच होजपाइप धरलेल्या दोघांची पेन्शन दोन निरनिराळ्या नियमांनी निघते. शिवाय मुंबई अग्निशमन दलात नोकरी करून गावी परतलेले चाकरमानी आहेत. त्यांची पेन्शन बृहन्मुंबई महानगरपालिका स्वतः देते, तिचे नियम स्वतःचे आहेत.

म्हणून सर्वांत आधी नेमणुकीचा आदेश काढा. तो कुणाच्या सहीचा आहे आणि पगाराच्या चिठ्ठीवर कपात कशाची आहे, ते पाहा. ‘भविष्य निर्वाह निधी’ (लोक ज्याला जीपीएफ म्हणतात), ‘राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना’ म्हणजे एनपीएस, की ‘ईपीएफ’, म्हणजे ठेक्यावरच्या आणि खासगी नोकरीतला कर्मचारी भविष्य निर्वाह निधी? या एका ओळीवरून तुमचा रस्ता कळतो.

दुसरी पायरी: तारीख

राज्य शासनात १ नोव्हेंबर २००५ ही रेघ आहे. त्याआधी रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन. त्या दिवशी किंवा नंतर लागलेल्यांना आधी परिभाषित अंशदान योजना आणि पुढे एनपीएस. नगरपरिषदांतही हीच रेघ चालते. मुंबई महानगरपालिकेत ती ५ मे २००८ आहे.

यात एक अपवाद आहे आणि तो अनेकांना ठाऊक नसतो. भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली, पण नेमणूक नंतर झाली, अशा राज्य कर्मचाऱ्यांना २ फेब्रुवारी २०२४च्या शासन निर्णयाने जुन्या पेन्शनचा एकवेळचा पर्याय दिला गेला. तुम्ही त्या बॅचचे असाल, तर पर्याय दिला होता का आणि मंजुरीचा आदेश सेवापुस्तकाला लागला आहे का, हे आजच पाहा. नुसता अर्ज दिल्याची आठवण उपयोगाची नाही.

तिसरी पायरी: सेवापुस्तक पानोपान वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आस्थापना शाखेत अर्ज करून सेवापुस्तक पाहायला मागा आणि दुय्यम सेवापुस्तक तुमच्याकडे नसेल तर तेही मागा. तो तुमचा हक्क आहे.

पहिल्याच पानावर जन्मतारीख असते. ती अंकी आणि अक्षरी सारखी आहे का? गट ‘क’च्या पोलीस कर्मचाऱ्याला ५८ वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याचा शेवटचा दिवस हा निवृत्तीचा दिवस. पण जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल, तर आदल्या महिन्याच्या शेवटीच निवृत्ती येते. १ जूनच्या जन्मतारखा आपल्याकडे किती असतात ते सांगायला नको. त्यांची निवृत्ती ३१ मेला धरायची.

मग दरवर्षीची ‘सेवा पडताळणी’. प्रत्येक वर्षाच्या नोंदीखाली कार्यालय प्रमुखाची सही हवी. बदली झालेल्या वर्षाची पडताळणी हटकून राहिलेली असते, कारण जुन्या कार्यालयाला वाटतं नवीन करेल आणि नव्याला वाटतं जुन्याने केली असेल. अलिबागहून महाडला आणि तिथून पुढे रोह्याला बदल्या झालेल्या माणसाच्या पुस्तकात अशी दोन-तीन भोकं सहज सापडतात.

रजेचा भाग नीट बघा. वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय घेतलेली असाधारण रजा साधारणपणे अर्हताकारी सेवेत, म्हणजे पेन्शनला मोजल्या जाणाऱ्या सेवेत, धरली जात नाही. निलंबन झालं असेल तर तो काळ कसा धरला, त्याचा आदेश लागतो. ‘कर्तव्यकाळ’ असा शब्द त्या आदेशात नसेल तर पुढे अडतं. फायरमन आधी रोजंदारीवर होता आणि नंतर नगरपरिषदेत कायम झाला, किंवा दापोली, गुहागर, कुडाळसारखी ग्रामपंचायत नगरपंचायत झाली तेव्हा सामावला गेला, तर तो आदेश पुस्तकात असलाच पाहिजे. सेवा कुठल्या तारखेपासून मोजायची, हे त्याच्यावरच ठरतं.

शेवटी वेतननिश्चिती. सहावा आयोग, सातवा आयोग, पदोन्नती, आश्वासित प्रगतीचे, म्हणजे पदोन्नती न मिळाल्यास वरचं वेतन देणारे, दहा-वीस-तीस वर्षांचे लाभ. या नोंदींवर नवी मुंबईतल्या कोकण भवनमधल्या वेतन पडताळणी पथकाचा शिक्का लागतो. तो नसेल तर फाइल परत येणार हे धरून चाला.

आपल्या भागाची म्हणून एक अडचण आहे ती दमटपणाची. पावसाळ्यात पत्र्याच्या कपाटातली पुस्तकं ओल धरतात, पानं एकमेकांना चिकटतात, शाईच्या सह्यांचे निळे डाग होतात. २६ जुलै २००५ला महाडात आणि २२ जुलै २०२१ला चिपळुणात पाणी शिरलं, तेव्हा घराघरांतले कागद चिखलात गेले. तुमचं पुस्तक किंवा घरची प्रत खराब झाली असेल तर निवृत्तीच्या महिन्याची वाट पाहू नका. वेतनदेयकं, बदली-आदेश, भविष्य निर्वाह निधीच्या वार्षिक चिठ्ठ्या आणि दुय्यम प्रत यांवरून नोंदी पुन्हा उभ्या करता येतात. त्याला महिने लागतात, पण होतं. आणि जे पुस्तक धड आहे, त्याचे पानोपान फोटो काढून ठेवा.

चौथी पायरी: जुन्या पेन्शनचा हिशेब

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सहायक पोलीस उपनिरीक्षक, वेतनस्तर एस-१०, शेवटचं मूळ वेतन ५७,५०० रुपये. रुजू १२ ऑक्टोबर १९९३, निवृत्ती ३१ मे २०२६. एकूण सेवा ३२ वर्षं ७ महिने २० दिवस. त्यातून वैद्यकीय प्रमाणपत्राशिवायची असाधारण रजा ४ महिने १० दिवस वजा. उरली ३२ वर्षं ३ महिने १० दिवस.

सेवा सहामाहींत मोजतात. ३२ वर्षांच्या ६४ सहामाही झाल्या. वरचे तीन महिने किंवा त्याहून जास्त असतील तर आणखी एक पूर्ण सहामाही धरतात, म्हणून ६५. रजा पंधरा दिवसांनी जास्त असती तर ६४च राहिल्या असत्या आणि एका सहामाहीपायी उपदानात १४,३७५ रुपये गेले असते. म्हणून तर रजेचं पान वाचायचं.

मासिक पेन्शन: १० वर्षं अर्हताकारी सेवा हा उंबरठा, आणि २० वर्षं झाली की पूर्ण पेन्शन, म्हणजे शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी. शेवटच्या दहा महिन्यांची सरासरी जास्त येत असेल तर ती धरतात. आपल्या उदाहरणात ५७,५००चे निम्मे २८,७५० रुपये. इथे ३२ वर्षं असोत की २२, दर तोच. ‘जास्त वर्षं म्हणजे जास्त टक्के’ हा समज काढून टाका. जास्त वर्षांचा फायदा वेतनवाढींतून आणि उपदानातून मिळतो.

उपदान (ग्रॅच्युइटी): दर सहामाहीला पाव महिन्याचं वेतन, जास्तीत जास्त साडेसोळा महिन्यांचं. ५७,५०० × ६५ ÷ ४ = ९,३४,३७५ रुपये. अंदाज करताना मी मूळ वेतनच धरायला सांगतो, म्हणजे आकडा फुगत नाही. राज्यात उपदानाची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०२४पासून २० लाख झाली आहे. त्याआधी ती १४ लाख होती.

अंशराशीकरण, म्हणजे पेन्शन विकणं: पेन्शनच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम एकदम घेता येते. २८,७५०चे ४० टक्के ११,५००. पुढच्या वाढदिवसाला ५९ पूर्ण होणार, त्या वयाचा गुणक ८.३७१. ११,५०० × १२ × ८.३७१ = ११,५५,१९८ रुपये. पेन्शन खाली येऊन १७,२५० होते. मात्र महागाई, म्हणजे महागाई भत्ता, मूळच्या २८,७५० वरच मिळते, कमी झालेल्या आकड्यावर नाही. हिशेबाच्या सोयीसाठी महागाई ५० टक्के धरली तर ती १४,३७५, आणि महिन्याला हातात १७,२५० + १४,३७५ = ३१,६२५ रुपये. खरा हिशेब करताना त्या वेळचा चालू दर घाला.

अर्जित रजा: शिल्लक ३०० दिवसांपर्यंतचे पैसे मिळतात, मूळ वेतन अधिक महागाई भत्त्यावर. वरचेच आकडे धरून पूर्ण ३०० दिवसांचे ८,६२,५०० रुपये. याशिवाय भविष्य निर्वाह निधी आणि गट विमा. त्यांच्यासाठी शेवटची चिठ्ठी पाहा, तिथे अंदाज करायचं काही कारण नाही.

३० जूनला निवृत्त होणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासायची. वर्षभर काम करूनही १ जुलैची वेतनवाढ त्यांची हुकायची. ११ एप्रिल २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने ती देण्याच्या बाजूने निकाल दिला आणि राज्यानेही अशांना पेन्शनसाठी काल्पनिक वेतनवाढ द्यायला सुरुवात केली. तुमच्या आकारणीत ती धरली आहे का, ते विचारा. वरच्या उदाहरणातला माणूस ३० जूनला निवृत्त झाला असता, तर वेतनस्तरातला पुढचा टप्पा ५९,२०० आणि पेन्शन २९,६०० झाली असती.

पेन्शन विकावी का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारतात. विकलेला भाग १५ वर्षांनी परत चालू होतो. १५ वर्षांत ११,५०० प्रमाणे २०,७०,००० रुपये सोडायचे आणि आज साडेअकरा लाख घ्यायचे. व्याजाच्या भाषेत हे पावणेनऊ टक्क्यांच्या आसपासचं कर्ज झालं. नुसतं बँकेत मुदत ठेवीला टाकायला ते घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण दुसरी बाजूही खरी आहे. ही रक्कम आयकरमुक्त असते. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही. आणि मधेच माणूस गेला तर घरच्यांकडून काही वसूल होत नाही, कारण कुटुंब निवृत्तिवेतन वेतनावरून ठरतं, उरलेल्या पेन्शनवरून नाही. प्रकृती तोळामासा असेल, गावच्या घराचं काम अडलं असेल किंवा महागडं कर्ज डोक्यावर असेल, तर विकावी. ४० टक्के ही कमाल मर्यादा आहे. वीसही विकता येतात.

घरच्यांनी कुटुंब निवृत्तिवेतनाचा आकडाही आत्ताच लिहून ठेवावा. निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर सात वर्षं, किंवा कर्मचारी ६५चा झाला असता ती तारीख, यांतलं जे आधी येईल तोवर वाढीव दर, म्हणजे आपल्या उदाहरणात २८,७५०. त्यानंतर मूळ वेतनाच्या ३० टक्के, १७,२५०. विकल्यानंतरची पेन्शनही १७,२५० होती, पण या दोन्हींत गल्लत करू नका: तिथे महागाई २८,७५०वर होती, इथे ती १७,२५०वरच मिळते. बाईंच्या हातात येणारी रक्कम त्यामुळे बरीच कमी असते. हे त्यांना आधी कळलेलं बरं.

२००५ नंतर लागलेल्यांसाठी

एनपीएसमध्ये मूळ वेतन अधिक महागाईच्या १० टक्के तुमचे आणि १४ टक्के शासनाचे जमा होतात. ५८ला साठलेल्या रकमेतले ६० टक्क्यांपर्यंत हातात, किमान ४० टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे विमा कंपनीकडून दरमहा पेन्शन देणारी योजना, घ्यावी लागते. समजा ४५ लाख साठले. २७ लाख रोख आणि १८ लाखांची वार्षिकी. ६ टक्के दर धरला तर महिन्याला ९,००० रुपये. त्यावर महागाई नाही, आणि दर त्या दिवशीच्या बाजारावर. म्हणून प्रान, म्हणजे तुमच्या एनपीएस क्रमांकाच्या, खात्यात दरमहा दोन्ही हिस्से पडतात का, हे वर्षातून एकदा तरी बघा. महिने चुकलेले असतात आणि त्यावरचा परतावाही बुडतो.

केंद्राच्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत (यूपीएस) २५ वर्षं सेवेला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, त्याहून कमी सेवेला त्या प्रमाणात आणि १० वर्षांना किमान १०,००० रुपये, असं सूत्र आहे. राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४मध्ये तशी योजना स्वीकारली. दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहा आणि कुठलाही पर्याय दिला तर त्याची पोच जपून ठेवा.

३१ मार्च २०२३च्या शासन निर्णयाने एनपीएसमधल्या राज्य कर्मचाऱ्यांना उपदान आणि सेवेत मृत्यू आल्यास कुटुंब निवृत्तिवेतनाचा मार्ग मोकळा झाला आहे. तरुण शिपायाच्या घरच्यांना हे माहीत असायला हवं.

ठेक्यावरच्या फायरमनचा हिशेब लहान आणि क्लेशदायक आहे. ईपीएफसोबतच्या पेन्शनचं सूत्र: सरासरी वेतन × सेवेची वर्षं ÷ ७०, आणि वेतनाची मर्यादा १५,०००. अठरा वर्षं बंबावर काढलेल्याला १५,००० × १८ ÷ ७० म्हणजे ३,८५७ रुपये. किमान दहा वर्षं लागतात. ठेकेदार बदलला की नवा खाते क्रमांक निघतो आणि जुनी वर्षं तिथेच पडून राहतात. एकच यूएएन, म्हणजे ईपीएफचा कायमचा क्रमांक, ठेवा आणि प्रत्येक वेळी जुनी सेवा त्यात वर्ग करून घ्या. दहा वर्षं भरत नाहीत म्हणून पेन्शन हुकलेली मुलं मी पाहिली आहेत. प्रत्यक्षात त्यांनी बारा-तेरा वर्षं काम केलेलं होतं.

आकडा कुठे फुटतो

राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. राजीनाम्याने मागची सेवा जप्त होते. २० वर्षं अर्हताकारी सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेतली तर पेन्शन मिळते. स्पर्धा परीक्षा देऊन दुसऱ्या खात्यात जाणाऱ्या शिपायाने अर्ज योग्य मार्गानेच, म्हणजे कार्यालयामार्फत करावा आणि कार्यमुक्तीच्या आदेशात तसा उल्लेख करून घ्यावा. नाहीतर आधीची वर्षं पाण्यात जातात.

विभागीय चौकशी प्रलंबित असेल तर तात्पुरती पेन्शन चालू होते, पण उपदान अडकतं. पोलीस लाइनीतली खोली सोडली नसेल तरीही उपदानावर हात पडतो, म्हणून ना-देय प्रमाणपत्राची तयारी आधीच ठेवा.

वेतननिश्चिती चुकली म्हणून निवृत्तीच्या तोंडावर दोन-तीन लाखांची वसुली काढतात, तेव्हा माणूस खचतो. १८ डिसेंबर २०१४च्या रफीक मसीह निकालात सर्वोच्च न्यायालयाने गट ‘क’ आणि ‘ड’चे कर्मचारी, वर्षभरात निवृत्त होणारे, आणि पाच वर्षांहून जुनं जादा प्रदान, अशा बाबतींत वसुली करू नये असं सांगितलं आहे. लेखी हमीपत्र दिलेलं असेल तर कार्यालय त्यावर बोट ठेवतं, म्हणून वेतननिश्चितीच्या वेळी कशावर सही केली तेही पाहून ठेवा. घाबरून ‘कपात करावी’ असं लिहून देऊ नका. आधी निकालाचा हवाला देऊन अर्ज करा.

कागद कधी हलवायचे

नियमाप्रमाणे पेन्शनची कागदपत्रं निवृत्तीच्या दोन वर्षं आधी तयार व्हायला लागतात आणि सहा महिने आधी महालेखापालांकडे जायला हवीत. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या पोलिसांची फाइल मुंबईच्या महालेखापालांकडे जाते. मंजुरीचे आदेश आले की पैसे अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोसच्या कोषागारातून मिळतात. नगरपरिषद आणि महापालिकेच्या फायरमनची फाइल त्या वाटेने जात नाही, ती आपल्याच संस्थेच्या लेखा विभागाकडून पक्की करून घ्यायची.

पती-पत्नीचा एकत्र फोटो, संयुक्त बँक खातं, आणि नावांचं एकसारखेपण बघा. माहेरचं-सासरचं नाव, आधारवर ‘सुनिता’ आणि सेवापुस्तकात ‘सुनीता’, एवढ्यावरून विधवेची पेन्शन महिनोन् महिने थांबते. लग्नानंतर नामनिर्देशन बदललं नसेल तर ते अजूनही आई-वडिलांच्या नावावर असेल. नवीन नमुना भरा, आवक क्रमांक टाकून पोच घ्या आणि पुढच्या महिन्यात सेवापुस्तकात त्याची नोंद चढली का, ते स्वतः जाऊन पाहा. पेन्शन चालू झाल्यावर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा. गावाहून कोषागारापर्यंत जाणं जमत नसेल तर ‘जीवन प्रमाण’ या ऑनलाइन सेवेवर तो मोबाइलवरूनही देता येतो.